डेनी विल्नव्ह: 'इन्सेंडीज'पासून 'ड्यून'पर्यंत, आणि त्याआधीची नऊ वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'ड्यून'चे दोन्ही भाग आवडले म्हणून डेनी विल्नव्हचे जुने चित्रपट शोधले, तर हाती लागला 'इन्सेंडीज'. फ्रेंच आणि अरबी भाषेतला, आटोपशीर बजेटचा, पाहून झोप उडवणारा. हाच माणूस वाळवंटातल्या महाकाय अळ्यांपर्यंत कसा पोचला? तिथे पोचताना त्याला स्वतःचं काही सोडावं लागलं का? आणि त्याचं काम नीट समजून घ्यायचं तर काय पाहावं?

मी संकलक आहे. आयुष्य एडिट टेबलावर गेलं, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देणार. मुख्य मुद्दा आधीच सांगतो. विल्नव्हच्या कारकिर्दीला वळण लागलं ते हॉलिवूडला गेल्यामुळे नाही, ते लागलं त्याच्या कितीतरी आधी. २००० ते २००९ या काळात त्याने एकही पूर्ण लांबीचा चित्रपट केला नाही. त्या नऊ वर्षांच्या अलीकडचा आणि पलीकडचा विल्नव्ह हे दोन वेगळे दिग्दर्शक वाटतात. २००९च्या 'पॉलिटेक्निक'पासून 'ड्यून'पर्यंतचा मात्र एकच आहे. फक्त पैसे वाढत गेलेत.

तो १९६७ सालचा. जन्म कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या जाँतिई गावातला. सपाट जमीन, लांबलचक हिवाळा आणि गावाला लागून अणुवीज प्रकल्प. शाळकरी वयात त्याने फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' वाचली आणि एका मित्राबरोबर बसून तिच्यातल्या प्रसंगांची चित्रं काढली. हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो, पण त्यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट वेगळी आहे: गोष्ट आवडली तेव्हा या मुलाने ती लिहून काढली नाही, रेखाटली. माँट्रियलच्या क्युबेक विद्यापीठात तो चित्रपट शिकला. १९९०-९१मध्ये रेडिओ-कॅनडा या सार्वजनिक वाहिनीची एक स्पर्धा त्याने जिंकली. स्पर्धकाने कॅमेरा घेऊन एकट्याने देशोदेशी फिरायचं आणि ठरलेल्या मुदतीत एकामागून एक छोटे चित्रपट पाठवत राहायचं. सोबत युनिट नाही, जागा आधी पाहून ठेवायला (रेकीला) वेळ नाही. अनोळखी गावात उतरल्यावर कॅमेरा कुठे ठेवायचा हे लगेच ठरवावं लागतं, आणि त्याची शिकवणी कुठल्याही वर्गात मिळत नाही.

क्युबेकची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास, भाषा फ्रेंच, आणि चहूबाजूंनी इंग्रजी. शेजारी अमेरिका असताना फक्त तिकीटबारीवर हा चित्रपट व्यवसाय टिकला नसता. म्हणून तिथे संघराज्याचं टेलिफिल्म कॅनडा आहे, प्रांताची सोडेक ही संस्था आहे आणि १९३९पासूनचं राष्ट्रीय चित्रपट मंडळ आहे. विल्नव्हने १९९४ साली जमैकात केलेला अर्ध्या तासाचा, माहितीपट आणि कथापट यांच्या सीमेवरचा चित्रपट याच मंडळाचा. १९९६ साली रॉजे फ्रापिए या निर्मात्याने सहा तरुण दिग्दर्शकांना घेऊन 'कॉसमॉस' हा एकत्रित चित्रपट केला. त्यातला एक भाग विल्नव्हचा. आंद्रे त्युर्पां हा आणखी एक भाग करणारा तरुण पुढे त्याचा छायालेखक झाला. नवख्या माणसाला एकदम दोन तासांचं ओझं न देता वीसेक मिनिटांचा भाग द्यायचा आणि जमलं तर पुढे न्यायचं, ही फ्रापिएची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

मग आले पहिले दोन चित्रपट. 'ऑगस्ट थर्टी-सेकंड ऑन अर्थ' (१९९८) कान महोत्सवाच्या 'अं सर्तें रगार' विभागात गेला. अपघातातून वाचलेली एक मुलगी जिवलग मित्राला म्हणते, मला तुझ्यापासून मूल हवंय. तो म्हणतो, चालेल, पण वाळवंटात. दोघं अमेरिकेतल्या मिठाच्या वाळवंटात जातात. 'मेलस्ट्रॉम' (२०००)मध्ये तर कथा सांगतो तो सुरीखाली तुकडे होणारा एक मासा. बर्लिनमध्ये समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, कॅनडाच्या जिनी पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. तेहतिशीच्या दिग्दर्शकाला याहून जास्त काय हवं?

पण हे दोन्ही आज पाहिले तर त्यांतली हुशारी आधी दिसते आणि माणसं नंतर. फ्रेम सुंदर, कल्पना अफलातून, तरी आत शिरून काही ढवळत नाही. विल्नव्हला स्वतःलाही तेच जाणवलं असावं, कारण पुढे मुलाखतींतून त्याने उघडपणे सांगितलंय की या चित्रपटांवर तो समाधानी नव्हता आणि ज्याच्या मागे ठाम उभं राहता येईल असं काही हाती लागेपर्यंत थांबायचं त्याने ठरवलं. मुलं लहान होती, घर होतं. पुरस्कार हातात असताना थांबणं या धंद्यात जवळजवळ अशक्य असतं. फोन यायचे बंद होतात, नवी पोरं पुढे येतात, लोक नाव विसरतात. तो तरीही थांबला.

परतला तो बारा मिनिटांच्या लघुपटातून. 'नेक्स्ट फ्लोअर' (२००८): एका जुनाट इमारतीत लांब टेबलाभोवती बसलेली श्रीमंत मंडळी मांसावर ताव मारतायत. वजन असह्य होतं, जमीन खचते, टेबल आणि पाहुण्यांसकट सगळे खालच्या मजल्यावर आदळतात. अंगावरची धूळही न झटकता पुन्हा खायला लागतात. संवाद जवळपास नाहीतच. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याला लघुपटाचा मुख्य पुरस्कार मिळाला. इथे 'मेलस्ट्रॉम'मधला मासा नाही, कुणी येऊन अर्थ सांगत नाही. वाढपी, काटे-चमचे, हाडं, छतातून झिरपणारी धूळ, एवढ्यावर सगळं उभं आहे.

आणि मग 'पॉलिटेक्निक' (२००९). ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक बंदूकधारी शिरला, एका वर्गातल्या मुलांना आणि मुलींना वेगळं केलं, मुलांना बाहेर काढलं आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १४ स्त्रिया मारल्या गेल्या. क्युबेकमध्ये ही जखम आजही ओली आहे. असा विषय घेताना पाय घसरायला हजार जागा. विल्नव्हने काय केलं ते टेबलावरच्या माणसाच्या नजरेतून सांगतो.

पहिलं म्हणजे चित्रपट कृष्णधवल ठेवला. रक्त लाल दिसत नाही, त्यामुळे डोळा रक्ताकडे न धावता चेहऱ्याकडे जातो. दुसरं, लांबी अवघी ७७ मिनिटं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. त्याने तो दिवस सरळ रेषेत मांडला नाही. आधी एका विद्यार्थिनीबरोबर चालतो, मग मागे येतो आणि तेच तास एका विद्यार्थ्याबरोबर पुन्हा जगतो, ज्याला वर्गाबाहेर काढलं गेलं आणि जो बाहेर पडला. त्याच्या अंगावर गोळी नाही, पण आपण बाहेर पडलो हे त्याला पेलवत नाही. एकाच घटनेची दोन ओझी, दोन वेगळ्या शरीरांवर. समांतर कट मारून हे सगळं सस्पेन्समध्ये ढकलणं अगदी सोपं होतं. फुटेज असतं, हात शिवशिवतात. त्याने ते टाळलं, म्हणूनच हा चित्रपट शोषण वाटत नाही. मारेकऱ्याचं नावही कुणी उच्चारत नाही. चित्रपट फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांमध्ये चित्रित झाला, फ्रेंचच पाहा.

इथून पुढे त्याच्या प्रत्येक चांगल्या चित्रपटात हीच पकड दिसते: आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या घटनेत सापडलेलं एक माणूस, बहुतेक वेळा स्त्री, आणि प्रेक्षकाला तिच्यापेक्षा जास्त काही कळू न देण्याचा हट्ट.

'इन्सेंडीज' (२०१०) हे वाजदी मुआवाद या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या नाटककाराच्या नाटकावरून केलेलं रूपांतर. आई वारते, नोटरी जुळ्या भावंडांसमोर मृत्युपत्र वाचतो: एक पाकीट बापाला द्यायचं, एक भावाला. बाप मेलाय असं मुलांना वाटत होतं, भाऊ आहे हेच ठाऊक नव्हतं. मुलगी आईच्या देशात जाते. देशाचं नाव सांगितलेलं नाही, पण लेबनॉनचं यादवी युद्ध ओळखू येतं. चित्रीकरण जॉर्डनमध्ये झालं. नाटकात बोलणं भरपूर होतं. विल्नव्हने शब्दांच्या जागी प्रदेश ठेवले, चेहरे ठेवले.

सुरुवातच पाहा. खिडकीतून दिसणारं रखरखीत माळरान. कॅमेरा हळूहळू मागे येतो तसं कळतं की आपण एका खोलीत आहोत. हत्यारबंद माणसं लहान मुलांचे केस भादरतायत. वर रेडिओहेडचं गाणं चालू आहे. एका मुलाच्या टाचेवर गोंदलेले तीन ठिपके. मग त्या मुलाचा चेहरा, नजर थेट आपल्यावर, कॅमेरा त्याच्याकडे सरकत राहतो आणि कट होत नाही. हा मुलगा कोण, हे ठिपके कसले, काही सांगितलेलं नाही. तिथून एकदम नोटरीच्या कचेरीत, फायलींच्या रांगांमध्ये. सुरुवातीच्या काही मिनिटांत कोड्याचा मुख्य तुकडा हातात देऊन झालाय आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ता नाही. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा तो चेहरा सहन होणार नाही.

हा चित्रपट ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकित झाला. पुरस्कार त्या वर्षी डेन्मार्कला गेला. पुढच्या दोन वर्षांतही त्या विभागात क्युबेकचेच चित्रपट होते, फिलिप फालार्दोचा 'मस्य लझार' आणि किम न्युएनचा 'रिबेल'. यातला पहिला आणि 'इन्सेंडीज' हे दोन्ही लुक देरी आणि किम मॅक्रॉ या निर्मात्यांचे. शिवाय याच काळात झाँ-मार्क व्हालेने 'डॅलस बायर्स क्लब' केला, झाव्हिए दोलानने 'मॉमी' केला. विल्नव्ह हा एकटा चमकलेला तारा नव्हता. मागे एक पिढी होती आणि त्या पिढीला चुकायला परवानगी देणारी व्यवस्था होती.

हॉलिवूडचा प्रवेशही लोक समजतात तसा एका उडीत झाला नाही. हिशेबच बघा. 'इन्सेंडीज' सत्तर लाख डॉलरच्या आसपासचा. 'प्रिझनर्स' (२०१३) साधारण साडेचार कोटींचा. पण त्याच वर्षी 'एनिमी'ही आला, टोरांटोत केलेला छोटा, विक्षिप्त चित्रपट, साराम्यागोच्या कादंबरीवरचा. तो 'प्रिझनर्स'च्या आधी चित्रित झाला होता. 'सिकारिओ' (२०१५) 'प्रिझनर्स'पेक्षाही स्वस्त, तीन कोटींच्या घरातला. मोठा पैसा मिळाल्यावर पुन्हा लहान आकड्यावर येऊन त्याने आपला हात पक्का केला. 'प्रिझनर्स' मला स्वतःला लांबलेला वाटतो, पण त्यात रॉजर डीकिन्स हा छायालेखक आणि योहान योहानसन हा संगीतकार त्याला भेटले, आणि पुढच्या चित्रपटांत त्याचं सोनं झालं.

'सिकारिओ'मधला सीमेवरचा प्रसंग मी शिकवताना हटकून वापरतो. काळ्या गाड्यांचा ताफा मेक्सिकोतल्या हुआरेझमधून एका कैद्याला घेऊन अमेरिकेकडे परततोय आणि पुलावर वाहतूक कोंडीत अडकतो. केट नावाची एफबीआय अधिकारी मागच्या सीटवर आहे. योजना काय, सोबतची माणसं नक्की कोणत्या खात्याची, तिला काही माहीत नाही. म्हणून आपल्यालाही नाही. गाडीतल्यांना शेजारच्या रांगेत एक लाल गाडी संशयास्पद वाटते. मग आणखी एक. काचेआडून काचेआडची माणसं दिसतात. बराच वेळ कुणीही गोळी झाडत नाही. कॅमेरा गाडीबाहेर उड्या मारत नाही, संशयितांच्या गाडीत जाऊन त्यांचं कुजबुजणं ऐकवत नाही. प्रत्यक्ष गोळीबार काही सेकंदांत संपतो. केट त्यात कुठेच नाही, ती आत बसलेली. आणि तिच्या वाट्याचा धोका येतो तो बाजूच्या आरशात, मागून.

असा सीन साधारणपणे एडिटवर येतो तेव्हा पाच कॅमेऱ्यांचं फुटेज असतं आणि सगळ्यांनाच ते वापरावंसं वाटतं. 'सिकारिओ'पासून त्याचा संकलक असलेला जो वॉकर नेमकं उलट करतो: शॉट तुम्हाला वाटतं त्यापेक्षा थोडा जास्त धरून ठेवतो. ताण कापण्यातून येत नाही, न कापण्यातून येतो. आणि ते शक्य होतं, कारण सेटवरच दिग्दर्शकाने ठरवलेलं असतं की नजर कोणाची. त्याच चित्रपटात बेनिसिओ डेल टोरोच्या पात्राचे बरेचसे संवाद नट आणि दिग्दर्शक दोघांनी मिळून उडवले. तो माणूस गप्प झाला आणि भयंकर झाला.

'अरायव्हल' (२०१६) टेड चियांगच्या कथेवरचा. अमेरिकन स्टुडिओचा चित्रपट, पण चित्रीकरण क्युबेकमध्ये, आणि पडद्यावर मोंटाना म्हणून दिसणारी ती दरीही तिथलीच. परग्रहवासीयांची वर्तुळाकार लिपी रेखाटली माँट्रियलच्या मार्टिन बर्त्रां या चित्रकर्तीने. आठ नामांकनांपैकी ऑस्कर मिळालं ते ध्वनिसंकलनासाठी सिल्व्हँ बेल्मारला, ज्याने 'इन्सेंडीज'चा आवाजही केला होता. कलादिग्दर्शक पात्रिस व्हर्मेत हाही क्युबेकचा. 'एनिमी' आणि 'प्रिझनर्स'पासूनचा सोबती, आणि 'ड्यून'साठी ऑस्कर विजेता. स्वतःसोबत काय नेलं, या प्रश्नाचं एक उत्तर हेच: त्याने आपली माणसं नेली.

'ब्लेड रनर २०४९' (२०१७)बद्दल थोडक्यात. डीकिन्सला तेरा नामांकनांनंतर चौदाव्या खेपेस ऑस्कर मिळालं ते याच चित्रपटाने. तिकीटबारीवर तो अपेक्षेपेक्षा कमी चालला. मला त्यातली चित्रं आवडतात, लय आवडते, पण मधला तास फार थंड आहे.

'ड्यून'चा पहिला भाग २०२१चा. वॉर्नर ब्रदर्सने त्या वर्षीचे सगळे चित्रपट थिएटरबरोबरच स्ट्रीमिंगवर आणायचं ठरवलं, तेव्हा विल्नव्हने डिसेंबर २०२०मध्ये जाहीर लेख लिहून विरोध केला. स्टुडिओच्या पैशावर चित्रपट अडकलेला असताना असं बोलायला धमक लागते. दुसऱ्या भागाला तोवर मंजुरीही नव्हती. पहिला भाग अमेरिकेत २२ ऑक्टोबरला लागला आणि मंजुरी आली चार दिवसांनी. पहिल्याला दहा नामांकनांतून सहा ऑस्कर मिळाले, दिग्दर्शनाचं मात्र नामांकनही नाही. दुसऱ्या भागाने (२०२४) जगभरात ७० कोटी डॉलरच्या वर गल्ला केला.

एवढ्या मोठ्या यंत्रणेत त्याची जुनी सवय टिकली का, हे पाहायचं तर एक तांत्रिक गोष्ट बघा. वाळवंटातली दृश्यं सहसा निळ्या किंवा हिरव्या पडद्यासमोर करतात आणि त्या रंगाची झाक चेहऱ्यावर, धातूवर पडते. इथे दृश्यपरिणाम प्रमुख पॉल लँबर्टने वाळूच्या रंगाचेच पडदे लावले. पोस्टमध्ये तो रंग उलटा केला की निळ्याच्या जवळ जातो, त्यामुळे मागची बाजू वेगळी काढता येते. पंख फडफडवणाऱ्या त्या विमानांचे प्रसंग स्टुडिओत केले नाहीत. बुडापेस्टजवळच्या टेकडीवर कॉकपिट हलत्या यंत्रावर बसवलं आणि भोवती वाळूच्या रंगाची उंच उतरती भिंत उभारली. खऱ्या उन्हाचा उजेड त्या भिंतीवरून नटांच्या चेहऱ्यावर परावर्तित होतो. म्हणजे सोळा-सतरा कोटी डॉलर हाताशी असतानाही मुद्दा तोच: आत बसलेल्या माणसाचा चेहरा खरा दिसला पाहिजे. या दृश्यपरिणामांचं काम डीनेग कंपनीने केलं आणि त्यात तिच्या मुंबईतल्या कलाकारांचाही हात होता. आपल्याकडची जी पोरं रात्र रात्र रोटो (फ्रेमगणिक आकृती कापून काढणं) आणि कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एकत्र जोडणं) करतात त्यांनी हे अभिमानाने सांगावं.

सोडलं काय? फ्रेंच सोडली, 'इन्सेंडीज'नंतर त्याने फ्रेंच चित्रपट केलेला नाही, आणि मला ते खरंच लागतं. थोडा विक्षिप्तपणाही गेला. 'एनिमी'तला तो आठ पायांचा कोळी आता कुठला स्टुडिओ पास करणार? शिवाय 'पॉलिटेक्निक'मध्ये ७७ मिनिटांत बसवणारा माणूस आता अडीच तासांच्या खाली येत नाही. पुढे तिसरा 'ड्यून' डिसेंबर २०२६साठी जाहीर झालाय आणि नवा जेम्स बाँडही त्याच्याकडे सोपवल्याची घोषणा झालीय. बाँडमध्ये नजर कायम नायकाचीच आणि त्याला सगळंच जमतं. ज्याला काहीच कळत नाहीये अशा माणसाची नजर विल्नव्ह तिथे कशी आणतो याची मला उत्सुकता आहे.

पाहायचा क्रम असा ठेवा: 'नेक्स्ट फ्लोअर', 'पॉलिटेक्निक', 'इन्सेंडीज', 'सिकारिओ', 'अरायव्हल', मग पुन्हा 'ड्यून'. दिग्दर्शन किंवा संकलन शिकत असाल तर 'सिकारिओ'चा पुलावरचा प्रसंग आधी आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक शॉटसमोर फक्त एवढंच लिहा: हे कोण बघतंय. मग चित्र न पाहता नुसता आवाज ऐका. 'मेलस्ट्रॉम' आणि पहिला चित्रपट शेवटी पाहा, म्हणजे नऊ वर्षांत काय गळून पडलं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.